वाफबाईच्या सुटकेची प्रार्थना

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तिला वाफबाई म्हणत. पाठीमागे सगळेच म्हणत. तोंडावर म्हणायची छाती फक्त चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रोलरवरच्या म्हाताऱ्याची होती, कारण तो तिच्याही आधीपासून तिथे होता आणि त्याला ऐकू कमी यायचं, त्यामुळे तिची बोलणी त्याच्यापर्यंत निम्मीच पोहोचत. असं नाव का पडलं हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. बाई कायम वाफेत उभी, आणि झाकण कधी उडेल याचा नेम नाही.

तिचं काम मळक्या कपड्यांच्या खोलीत. वॉर्डांतून घसरत खाली येणाऱ्या गाठोड्यांच्या गाठी सोडायच्या, रक्ताचं वेगळं, उलटीचं वेगळं, नुसतं घामाचं वेगळं. संसर्गाच्या वॉर्डाचं पिवळ्या पिशवीत येई, त्याला हात लावायच्या आधी हातमोजे बदलायचे. प्रत्येक चादर दोन टोकांना धरून झटकायची, मगच यंत्रात. चादरींत काय काय निघे म्हणून सांगावं? सुया, चमचे, कानातलं, चष्मे, एकदा अख्खी कवळी. ती कवळी रुमालात घेऊन वाफबाई स्वतः वॉर्डावॉर्डांतून फिरली होती. एका बोळक्या तोंडाच्या आजींना तिने विचारलं, "आजी, हे दात तुमचे का?" आजींनी नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "नाही गं. माझे याहून चांगले होते."

सुरुवातीला हे काम तिने पोटासाठीच धरलं. नवरा बस चालवायचा, पगार महिन्याच्या शेवटापर्यंत पोहोचायचा नाही, आणि सासू सांगायची की अशा घाणीत काम करणाऱ्या बाईच्या हातचं मी जेवणार नाही. जेवायची मात्र रोज, आणि मीठ कमी आहे असंही सांगायची. लग्नापासून सासूने तिची एकही गोष्ट चांगली म्हटली नव्हती. मग सासू आजारी पडली, त्याच हॉस्पिटलात दाखल झाली, आणि शेवटच्या दिवसांत वाफबाई कामाच्या मधल्या वेळेत वर जाऊन तिच्या उशाशी बसू लागली. एका दुपारी म्हातारीने अंगाखालच्या चादरीवर हात फिरवला. कोरडी, कडक, अजून जराशी ऊबदार चादर होती. म्हणाली, "चादर बरी आहे."

बस, एवढंच. पण वाफबाईला ते आयुष्यभर पुरलं. त्या दिवसापासून ते काम तिचं झालं. देवाने बोलावलं वगैरे भाषा तिने कधी वापरली नाही, ती भाषा तिला चर्चच्या मंचावरच्या लोकांची वाटे. पण पहाटे उठून बायबल वाचताना, गुडघ्यांना त्रास होतो म्हणून खुर्चीतच बसून प्रार्थना करताना, ती देवाला जे सांगायची त्यात लॉन्ड्री असायचीच. "बाबा, आज नवी पोर आहे, तिच्या बोटात सुई जाऊ देऊ नकोस. रोलर बिघडला आहे. मुकादमाला अक्कल दे, नसेल शिल्लक तर राहू दे." तिची प्रार्थना ही अशी. रविवारी ती चर्चमध्ये सगळ्यांत लहान मुलांचा वर्ग घ्यायची. मुलं तिला घाबरायची आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे बसायला तयार नसायची.

आता तिच्या रागाची गोष्ट, कारण हे सगळं त्या रागासाठी सांगायचं आहे.

मळक्या कपड्यांच्या खोलीतली मोरी तुंबायला लागली होती. जाळीखालचा नळ कुठेतरी खचला होता. दुपारपर्यंत घोट्याएवढं पाणी साचे, आणि ते पाणी कसलं असे ते वर सांगितलंच आहे. वाफबाई मुकादमाकडे गेली, मुकादमाने इंजिनियरकडे बोट दाखवलं, इंजिनियरने "बघतो" म्हटलं. इंजिनियरचं "बघतो" म्हणजे काय हे हॉस्पिटलात सगळ्यांना ठाऊक होतं.

चर्चमध्ये बुधवारी दुपारी बायकांची प्रार्थनासभा असे. मागच्या खोलीत खुर्च्या गोल मांडायच्या, प्रत्येकीने आपली विनंती सांगायची आणि मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. वाफबाईला सुट्टी असेल त्या बुधवारीच जाता येई. त्या बुधवारी ती गेली आणि सरळ म्हणाली, "आमच्या लॉन्ड्रीतली मोरी तुंबते आहे. इंजिनियर ऐकत नाही. एक दिवस मी त्याला उचलून त्या पाण्यात बसवीन. तेव्हा माझ्या तोंडाला आवर पडावा आणि मोरी दुरुस्त व्हावी, एवढी प्रार्थना करा."

बायकांनी "अगं बाई" केलं. एकीने नाकाला रुमाल लावला, जणू पाणी तिथेच साचलं होतं. मग पाळकांच्या बायकोने प्रार्थना केली. स्वभावाने मऊ बाई, आवाजही मऊ, आणि डोळ्यांना चटकन पाणी येई. तिने देवाला सांगितलं की आमची ही बहीण किती वर्षं त्या घाणीत राबते आहे, तिचे हात बघ, तिचं वय बघ, प्रभू, तिला तिथून सोडव, तिला एखादी चांगली जागा दे. सगळ्या आमेन म्हणाल्या.

प्रार्थनेत मोरी नव्हती, हे वाफबाईच्या लगेच लक्षात आलं. पण प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, एवढी शिस्त तिला होती. ती शिस्त त्या दिवशी नसती तर बरं झालं असतं. पुढचे बुधवार तिला जाता आलं नाही. बायका मात्र तिच्या सुटकेसाठी नेमाने प्रार्थना करत राहिल्या. जिची सुटका व्हायची तिला कुणी विचारलं नाही.

मग एका सकाळी मुकादमाने तिच्या हातात कागद ठेवला. बदली. तळमजल्यावर, दर्शनी भागात, चौकशीच्या खिडकीवर.

"मी मागितली नव्हती," वाफबाई म्हणाली.

"नशीब काढलंत बाई," मुकादम म्हणाला. "गादीची खुर्ची आहे. पंखा आहे."

"मला पंखा कशाला? आणि इथे कोण?"

"धाकटीला उभं करतो." धाकटी म्हणजे ड्रायरवरची पोरगी, कामाला चांगली, पण उलटीचा वास आला की स्वतःच ओकायची. "वरून आलं आहे. साहेबांनी स्वतः लक्ष घातलं म्हणे."

साहेब म्हणजे हॉस्पिटलचे प्रशासन अधिकारी. ते तिच्याच चर्चमधले, चर्चच्या पंचांपैकी एक. हॉस्पिटलात साहेब आणि चर्चमध्ये भाऊ. वाफबाईला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण तिला वाटलं, आपल्या वयाचा विचार केला असेल, जाऊन बोलू. साहेब त्या आठवड्यात बाहेरगावी होते.

रविवारी कळलं. उपासनेत गीतं झाली की साक्षीची वेळ असे. ज्याच्यासाठी देवाने काही केलं त्याने उभं राहून सांगायचं. पाळकांची बायको उभी राहिली. चेहरा उजळलेला. म्हणाली, आम्ही बायकांनी एका बहिणीसाठी प्रार्थना धरली होती, ती ज्या अमंगळ जागेत काम करत होती तिथून परमेश्वराने तिला उचलून मानाच्या जागी बसवलं आहे. तिने नाव घेतलं नाही, पण मान वळवून वाफबाईकडे पाहिलं, आणि मग सगळ्या चर्चने मान वळवून पाहिलं. पुढच्या बाकावर भाऊ नम्रपणे खाली बघत बसले होते. बाहेरगावाहून परत आले होते म्हणायचं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

वाफबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याने तिचा हात दाबून धरला. नेहमी उपदेशाच्या आधीच डुलक्या घेणारा माणूस, पण बायकोचं झाकण हलायला लागलं की तो झोपेतही जागा होई.

"आत्ता नको," तो पुटपुटला.

"अमंगळ जागा म्हणाली ती."

"ऐकलं. घरी चल."

घरी सून खुशीत होती. तिने चहाबरोबर केक आणून ठेवला होता. "आई, आता तुम्हाला आल्या आल्या अंघोळ नको करायला," ती म्हणाली. "आणि मैत्रिणींनी विचारलं सासूबाई काय करतात, तर मला सांगता येईल."

"आतापर्यंत काय सांगायचीस?"

सुनेने केक कापायला घेतला. "हॉस्पिटलात असतात म्हणून."

"म्हणजे आजारी असते असंच वाटत असेल त्यांना," नवरा म्हणाला. त्यावर सून हसली. वाफबाई हसली नाही. तिने केकही खाल्ला नाही, आणि तिला केक आवडायचा.

चौकशीच्या खिडकीवर ती बसली. गादी मऊ होती आणि पंखा मानेवर यायचा. खरं सांगायचं तर त्या कामात वाईट काही नव्हतं. दुसऱ्या कुणी ते छान केलं असतं. वाफबाईच्याने होत नव्हतं. एक गृहस्थ लांबून बस बदलून आले आणि हाडांच्या मोठ्या डॉक्टरांविषयी विचारू लागले. नियमाप्रमाणे "बाकावर बसा, बोलावतील" म्हणायचं होतं.

"ते आज यायचे नाहीत," वाफबाई म्हणाली. "त्यांची गाडीच नाही बाहेर. घरी जा, पाय वर करून झोपा, उद्या सकाळी लवकर या."

"पण आत्ताच एक बाई म्हणाल्या, येतील."

"त्या बाईंना पगार तेच म्हणायला मिळतो."

दुपारपर्यंत तिच्याविषयी तक्रार झाली, डॉक्टरांकडून. संध्याकाळी बायकांच्या वॉर्डाची सिस्टर जाता जाता खिडकीशी थांबली. "बाई, तुमच्या लॉन्ड्रीला झालंय काय? चादरी दमट येतात. काल एकीत ब्लेडचा तुकडा निघाला."

वाफबाई खुर्चीतून उठली आणि परत बसली. तिची लॉन्ड्री राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली. तिथे गालिचा होता आणि भिंतीवर एक सुंदर अक्षरांत लिहिलेलं वचन होतं. साहेबांनी तिला बसायला सांगितलं, चहाही मागवला. माणूस दुष्ट नव्हता. चांगलं केल्याच्या आनंदात होता, आणि अशा माणसाशी भांडणं दुष्टाशी भांडण्याहून अवघड जातं.

"साहेब, माझी बदली रद्द करा."

"बदली कसली बाई? हे उत्तर आहे."

"कुणाचं?"

"देवाचं."

"सही तुमची आहे."

साहेब हसले. "देव माणसांच्या हातूनच करतो ना."

"मग त्याच हाताने मोरी का नाही झाली? मी मोरीसाठी प्रार्थना मागितली होती. मला तिथून काढा असं मी कुणाला म्हटलं?"

"मोरीचा विषय देखभाल विभागाकडे आहे," साहेब म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून आवाज खाली आणला. "हे बघा बहीण, साक्ष झालेली आहे. सगळ्या मंडळीसमोर. आता मी ही बदली मागे घेतली तर काय अर्थ निघेल? नवीन विश्वासात आलेली माणसं आहेत, तरुण मुलं आहेत. त्यांना काय वाटेल, प्रार्थनेचं उत्तर चुकलं?"

"उत्तराचं सोडा. प्रार्थनाच चुकली."

"असं बोलू नये."

"का नाही बोलू? तुम्ही देवाच्या नावावर मला न विचारता उचललं, आणि आता देवाची अब्रू जाईल म्हणून खाली ठेवत नाही. भाऊ, देवाच्या अब्रूची काळजी देव घेईल. तुमची जातेय."

हॉस्पिटलात तिने त्यांना कधी भाऊ म्हटलं नव्हतं. साहेबांचा चेहरा बंद झाला. चहा आला तेव्हा त्यांनी तो आपल्याकडेच ठेवायला सांगितला.

तिथून ती तडक पाळकांच्या घरी गेली. चर्चमागच्या दोन खोल्या, पुस्तकांनी आणि धुतलेल्या कपड्यांनी भरलेल्या. पाळक वयाने तिच्या मुलाएवढा, तिला मावशी म्हणायचा. तिने बसायच्या आधीच सुरुवात केली.

"पाळकसाहेब, दरवर्षी तुम्ही कामाचा रविवार करता. प्रत्येकाने आपल्या कामाची एक वस्तू आणून पुढच्या टेबलावर ठेवायची, आणि तुम्ही सगळ्यांवर आशीर्वाद मागता. बरोबर?"

"हो, मावशी."

"नर्स थर्मामीटर ठेवते, शिक्षक खडू ठेवतो, भाऊ पेन ठेवतात. उपदेश काय करता? सगळं काम प्रभूची सेवा. मागच्या वेळी मी रबरी हातमोजे ठेवले होते. उपासना संपल्यावर ते कुठे सापडले? फुलदाणीच्या मागे. सगळं काम सेवा, फक्त माझं झाकून ठेवण्यासारखं."

पाळक गोंधळला. "हे मला माहीत नाही."

"मी ठेवले होते मागे," आतल्या दारातून पाळकांची बायको म्हणाली. तिच्या हातात वाळलेली उशीची खोळ होती, तिची घडी घालायची राहून गेली होती. "मला वाटलं, वास येईल."

"वहिनी, नवे होते ते. पाकिटातून काढलेले."

पाळकाने मग जे करायला नको होतं ते केलं. तो म्हणाला, मावशी, तुमचं काम फार थोर आहे, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते आठवा, तुम्ही त्या प्रत्येक चादरीवर प्रार्थना करत असाल...

"मी चादरीवर प्रार्थना करत नाही," वाफबाई म्हणाली. "साबण घालते. प्रार्थना सकाळी घरी होते. चादर आली की मी चादरीकडे बघते, नाहीतर सुई राहते. आणि पाय धुतल्याचं मला दर वेळी ऐकवतात. पाय धुतले, छान झालं. पण ते पाणी पुढे कुठे गेलं ते कुणी सांगत नाही. माझ्याकडे ते तुंबतं."

पाळकाच्या ओठांच्या कडा हलल्या, पण तो हसला नाही, हे त्याचं शहाणपण. म्हणाला, "खरं सांगू? मला वाटलं, तुम्ही दमला असाल. म्हणून मीही आमेन म्हटलं. विचारायला हवं होतं."

"दमते. घरी जाऊन झोपते. दमलेल्या माणसाला कामावरून काढायचं असेल तर आधी तुम्हाला काढायला हवं, तुमच्या डोळ्यांखाली बघा काय झालं आहे."

"मग मी काय करू?"

"भाऊंना सांगा."

पाळकाने खिडकीकडे पाहिलं. चर्चच्या छपराचं काम, मुलांच्या शिबिराची परवानगी, सगळं भाऊंच्या हातात होतं. वाफबाईला कळलं की तो सांगणार नाही. निदान आज नाही. तिला त्याची कीव आली आणि त्या कीवेचाही राग आला.

घरी जाताना ती रस्त्याने देवाशी भांडत गेली. ओठ हलत होते, लोक वाट देत होते. "मी मागितलं काय, तुझ्या माणसांनी तुझं नाव लावून दिलं काय. तू गप्प का? तुझं नाव खोट्या कागदावर वापरलं तर तुला चालतं? मला चाललं नसतं." घराच्या पायरीशी ती थांबली, कारण तिला वाटलं की गप्प तर तीही बसली होती. बुधवारी. मग रविवारी, नवऱ्याने हात दाबला म्हणून.

पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी ती उभी राहिली. नवऱ्याने या वेळी हात धरला नाही. बाजूला सरकून तिला जागा करून दिली.

"मागच्या रविवारी माझी साक्ष दुसऱ्याने दिली," ती म्हणाली. "आज मी देते. मला देवाने कुठूनही सोडवलेलं नाही, कारण मी अडकलेली नव्हते. मी लॉन्ड्रीत काम करत होते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची आजारपणं मी धुतली आहेत, कुणाची ते सांगत नाही. मी मोरीसाठी प्रार्थना मागितली होती. मोरी अजून तुंबते आहे. माझ्या जागी एक पोरगी त्या पाण्यात उभी आहे आणि वर रुग्णांना दमट चादरी मिळतायत. माझी बदली भाऊंनी केली, प्रेमाने केली असेल, पण भाऊंनी केली. ती देवाच्या नावावर टाकू नका. त्याने केलेलं पुष्कळ आहे, त्याला आपल्या खोट्याची गरज नाही. मला माझं काम परत हवं आहे. एवढंच."

ती बसली. मग तिच्या शेजारून एक मोठा, खणखणीत आवाज आला. "आमेन." नवरा. बस चालवताना मागच्या दारातल्या माणसाला ओरडायची सवय होती, आवाज अजून तसाच होता. दुसरं कुणी आमेन म्हटलं नाही. पाळकांची बायको मांडीवरच्या हातांकडे बघत होती, आणि भाऊंचे कान लाल झाले होते.

बाहेर पडताना एक बाई दुसरीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मान दिलेला पचत नाही काही जणांना." भाऊंच्या बायकोने वाफबाईकडे पाहिलंच नाही. आपली दोन नातवंडं तिने त्या दिवसापासून वाफबाईच्या वर्गातून काढून घेतली, आणि ते वाफबाईला फार लागलं. त्यातला थोरला नुकता प्रश्न विचारायला लागला होता. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही.

सोमवारी कागद आला. वागणूक चौकशी खिडकीच्या कामास योग्य नसल्यामुळे मूळ जागी परत पाठवण्यात येत आहे. साहेबांना वाटलं, शिक्षा केली. मुकादमाने तो तिला दबक्या आवाजात वाचून दाखवला, जणू मृत्यूची बातमी, आणि वाफबाईने त्याच्या हातातून कागद ओढून घेतला, ॲप्रन चढवला, बूट चढवले आणि खाली गेली.

खोलीत पाणी बुटांच्या वर आलं होतं. धाकटी एका उलट्या बादलीवर उभी राहून गाठोडी सोडत होती आणि रडत होती. रक्ताचं आणि घामाचं एकत्र पडलं होतं.

"उतर," वाफबाई म्हणाली. "ड्रायरवर जा. आधी तोंड धू."

"मावशी, मला जमलं नाही."

"तुला शिकवलं कुणी होतं? जा."

गरम रोलरवरचा म्हातारा दारात येऊन उभा राहिला. "आली का वाफबाई? मला वाटलं, मेलीस."

"चौकशीवर होते."

"तेच म्हणतोय."

तिने जाळी उचलली, हाताने जेवढं निघेल तेवढं काढलं, फडक्याने पाणी ओढलं. काम परत मिळालं, याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिचा राग होता तिथेच होता, पाण्यासारखा साचलेला. तिची जागा तिला मिळाली होती, पण ती ज्यासाठी ओरडत होती ते कुणाच्या कानातच शिरलं नव्हतं.

बुधवारी दुपारी तिने मान वर केली तर दारात पाळकांची बायको. पायांत कुणाचे तरी मोठे गमबूट, बहुधा नवऱ्याचे. प्रार्थनासभेची वेळ होती.

"आज सभा नाही का?" वाफबाईने विचारलं.

"आहे. त्यांना म्हटलं, तुम्ही करा." तिने आत पाऊल टाकलं. पाणी बघितलं, वास घेतला. तिने भिंतीला हात टेकला. मग ती तिथेच उभी राहिली. वाफबाईने तिला खुर्ची दिली नाही, कारण खुर्ची नव्हती, आणि असती तरी दिली नसती.

"मी आधी यायला हवं होतं," पाळकांची बायको म्हणाली.

"हो."

"आता काय करू? सांगा. तुम्ही सांगाल ते."

वाफबाईने हातमोजे काढले. हा प्रश्न पाळकानेही विचारला होता, पण तुम्ही सांगाल ते, असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं, आणि त्याचं उत्तर तिच्याकडे केव्हापासून तयार होतं.

"इंजिनियरच्या खोलीला दोन दारं आहेत," ती म्हणाली. "मी पुढच्या दाराला गेले की तो मागच्याने निघून जातो. मी मागे गेले की पुढून. एकटीने जमत नाही. तुम्ही मागे बसा."

"बसून काय म्हणू?"

"मोरी म्हणा."

"तो चिडला तर?"

"चिडू दे. तुम्हीही चिडा. बघा येतंय का."

दोघी वर गेल्या. पाळकांची बायको गमबुटांचा पचपच आवाज करत मागच्या अरुंद बोळातून वळली. वाफबाई पुढच्या दाराशी स्टुलावर बसली. तिने दार वाजवलं. आत खुर्ची सरकली, पावलं लांब गेली, मागचं दार करकरलं. मग थोडा वेळ काहीच नाही. वाफबाईला वाटलं, गेला. त्या मऊ बाईने वाट दिली असणार, वर माफीही मागितली असणार.

मग दोन भिंतींपलीकडून आवाज आला. चर्चमध्ये तो आवाज कुणी कधी ऐकला नव्हता.

"नाही इंजिनियरसाहेब, चहा नंतर. आधी मोरी. तुमच्या मोरीचं पाणी माझ्या बुटात आहे, हे बघा. नाही, मी हलणार नाही. सभा संपली की आणखी बायका येतायत."

इंजिनियर काहीतरी बोलला. मागचं दार परत करकरलं, पावलं परत आत आली. वाफबाई स्टुलावरून उठली आणि पुढचं दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली.